डोंगरांत एकट्यानें जातांना

रोहें गांवांतून कुंडलिकेपलीकडे नजर टाकली म्हणजे गर्द झाडीनें झांकलेला एक डोंगर दिसतो. तोच अवचितगड. उंची अवघी हजार फुटांच्या आसपास. मेढें, पिंगळसई आणि पडम अशा तीन गांवांकडून त्यावर वाटा जातात. सकाळच्या गाडीनें यावें, गड पाहावा आणि संध्याकाळच्या गाडीनें परत जावें, असा बेत सहज जमतो आणि बहुतेक वेळां तो बिनबोभाट पारही पडतो. पेणकडचा सांकशीचा किल्ला, मुरुडच्या रस्त्यावरचा घोसाळगड, मुंबई-गोवा रस्त्यावर खांब गांवाजवळचा सुरगड हे सारे असेच. हिमालयांतील शिखरांच्या पंक्तीस बसणारा यांत एकही नाहीं. खालीं भाताचीं खाचरें, एस्. टी.चा रस्ता, कोठें आगगाडीची शिट्टी. अशा डोंगरांना निर्जन अरण्य म्हटलें, तर ऐकणाऱ्यास हंसूं येईल.

एका कार्तिकापर्यंत मलाही तें आलें असतें. त्या दिवशीं मी मेढ्याच्या बाजूनें एकटाच अवचितगडावर चढलों. पावसाळा नुकताच सरला होता. कारवी डोक्याच्याही वर गेली होती. गड पाहून उतरतांना एक ढोरवाट हीच खरी वाट असें समजून धरली आणि अर्ध्या तासानें घसाऱ्यावर पाय मुरगळला. दुखापत ती काय! घरीं झाली असती, तर लेप लावून चार दिवसांत विसरलों असतों. पण तेथें पाऊल टेकवेना, फोनला रेंज मिळेना. चार वाजल्यापासून मी एका दगडाला टेकून बसलों. सहा वाजून गेल्यावर अंधार पडला आणि समोर रोह्याचे दिवे लागले. गाडीचा आवाज स्पष्ट ऐकूं येत होता. एवढीं माणसें नजरेच्या टप्प्यांत असतां मी कोठें आहें हें त्यांतील एकालाही ठाऊक नव्हतें. घरच्या मंडळींची समजूत, मी मुंबईस गेलों आहें. रात्रीं साडेआठच्या सुमारास बॅटरी घेऊन एक गुराखी आला. तो कांहीं मला शोधायला आला नव्हता; त्याची म्हैस चुकली होती. त्या म्हशीचे उपकार अद्याप माझ्याकडून फिटलेले नाहींत.

तेव्हांपासून निर्जन या शब्दाचा अर्थ मी निराळा लावूं लागलों. डोंगर किती दूर आहे हें मैलांवर मोजूं नये. आपणांस कांहीं झालें, तर तें पहिल्या माणसाला कळण्यास किती वेळ लागेल, हें त्याचें खरें अंतर. चौघांची टोळी एखाद्या दुर्गम कड्याखालीं असली, तरी तें अंतर एका हांकेचें असतें. एकटा मनुष्य मात्र गांवाच्या दिव्यांसमोर बसूनही दोन दिवसांच्या अंतरावर असूं शकतो.

एकट्यानें जाणाऱ्यास लोक प्रथम बिबट्याची भीति घालतात. या भागांत बिबट्या आहे, रानडुकरें आहेत. फणसाडचें अभयारण्य मुरुड आणि रोहें या दोन तालुक्यांतच पसरलेलें आहे. परंतु माणसाची चाहूल लागतांच बिबट्या बहुधा स्वतःच बाजूला होतो. त्याच्यापेक्षां कड्याच्या कपारींत लोंबणारें आग्या मोहोळ अधिक भयंकर. धुरानें, उग्र अत्तरानें किंवा दगड मारल्यानें तें एकदां उठलें कीं धांवण्यावांचून गति नाहीं. पण हींही संकटें विरळाच. घात होतो तो अगदीं साध्या गोष्टींनीं, आणि त्यांत पहिली म्हणजे वाट चुकणें.

चढतांना फारसें कोणी चुकत नाहीं. चुकतात ते उतरतांना. याचें कारण डोंगराच्या आकारांतच आहे. खालून कोणतीही सोंड धरली तरी साऱ्या सोंडा वर जाऊन एकमेकींस मिळतात, त्यामुळें चढणारा केव्हांतरी माथ्यावर पोंचतोच. उतरणाऱ्याचें नेमकें उलट. माथ्यावर हाताच्या अंतरावर असलेल्या दोन वाटा खालीं दोन निराळ्या खोऱ्यांत उतरतात. वरच्या शंभर पावलांतली चूक तळाशीं दोन कोसांची होते. त्यांत ढोरवाटांची भर. गुरें चाऱ्याच्या मागें जातात. त्यांची वाट चांगली मळलेली दिसते, पण गांवास पोंचविण्यासाठीं ती पडलेली नसते. ती कारवींत शिरते आणि मध्येंच विरून जाते. अशा वेळीं दोघे असले तर एकजण ओळखीच्या जागेवर उभा राहतो, दुसरा पुढें पाहून येतो आणि हांक मारतो. एकट्याला ही सोय नाहीं. प्रत्येक वेळीं आपल्याजवळची एकमेव खात्रीची जागा सोडूनच त्याला पुढें जावें लागतें.

मग त्याला तो जुना सल्ला आठवतो: ओढ्याच्या अंगानें उतरावें, गांव लागतेंच. सपाट मुलखांत हा सल्ला खरा असेल. सह्याद्रींत तो जिवावर बेततो. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून हा प्रदेश घडला. त्यांत कठीण आणि ठिसूळ थर आलटून पालटून आहेत. ठिसूळ थर झिजून उतरता झाला, कठीण थर ताठ उभा राहिला, आणि डोंगराची बाजू जिन्याच्या पायऱ्यांसारखी झाली. ओढा यांतील प्रत्येक पायरीवरून उडी घेतो. चुकलेला मनुष्य एखादा लहान कडा घसरत, मुळ्यांना लोंबकळत उतरतो. पुढें मोठा कडा लागतो. मागें वळून पाहतो तों जेथून घसरत आला तेथून वर चढतां येत नाहीं. दोन्ही अंगांना घळीच्या भिंती, त्यामुळें फोनही मुका झालेला.

मे २०२२ मध्यें लोणावळ्याच्या नागफणीकडे दिल्लीहून आलेला एक तरुण अभियंता एकटाच फिरावयास गेला. वाट चुकल्याचें त्यानें आपल्या भावास फोनवरून कळविलें; मग फोन बंद पडला. पोलीस, राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दल, लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र ही संस्था, सर्वांनीं रान धुंडाळलें. चार दिवसांनीं त्याचा मृतदेह एका खोल दरींत सांपडला. नागफणी हें कांहीं अज्ञात शिखर नव्हे. सुटीच्या दिवशीं तेथें माणसांची रीघ असते. बातमी घरीं पोंचली होती, शोधास माणसेंही निघालीं होतीं. पण ‘चुकलों आहें’ एवढ्या शब्दांतून ‘कोठें’ याचा उलगडा होत नाहीं, आणि चुकलेल्या माणसाला तो करतांही येत नाहीं.

याच्या उलट उदाहरण आपल्या जिल्ह्यांतलें, माणगांव तालुक्यांतील कुंभे येथील धबधब्याजवळचें, जुलै २०२४ मधलें. एक तरुणी मित्रमंडळींसमवेत गेली असतां सुमारें तीनशें फूट खोल दरींत पडली. पडतांना पाहणारीं माणसें जवळ होतीं, जागा नेमकी ठाऊक होती, बचावपथकें धांवून आलीं. तरीही तिला वर आणण्यास सुमारें सहा तास लागले, आणि ती वांचली नाहीं. सारें अनुकूल असतां जर सहा तास, तर जिची कोणाला खबरच नाहीं अशा व्यक्तीचा हिशेब श्रोत्यांनींच करावा.

आतां दुखापतीचा विचार करूं. प्रथमोपचाराचें कोणतेंही पुस्तक उघडून पाहावें. त्यांतलीं सारीं क्रियापदें दुसऱ्या माणसाला उद्देशून असतात. रोग्यास निजवावें, हात झोळींत बांधावा, धीर द्यावा, चालूं देऊं नये. यांतील शेवटचें वाक्य हें सर्पदंशाच्या प्रकरणांतलें मुख्य कलम. दंश झालेला अवयव हलत राहिला कीं विष लवकर पसरतें. म्हणून रोग्याला उचलून न्यावयाचें. एकट्याला कोण उचलणार? तो बसून राहिला तर औषध मिळत नाहीं, चालूं लागला तर विष पसरतें. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें हे चारही साप कोंकणांत आहेत. या चोहोंच्या विषावर चालणारें एकच प्रतिविष आपल्या देशांत तयार होतें व सरकारी रुग्णालयांतून दिलें जातें. वाण आहे ती तेथवर नेणाऱ्या माणसाची.

विंचवाची कथा तर याच जिल्ह्यानें जगाला सांगितली. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ सालीं महाड तालुक्यांतील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले, त्या काळीं लाल विंचवाच्या दंशानें अत्यवस्थ होऊन येणाऱ्यांपैकीं शेंकडा तीस-चाळीस दगावत. प्राझोसिन हें रक्तदाबावरील औषध येथें गुणकारी ठरतें, हें त्यांनीं दाखवून दिलें. १९८६ सालीं त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाला, आणि मृत्यूचें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास उतरलें. मात्र हा गुण वेळेवर दवाखान्यांत पोंचलेल्या रोग्यासाठीं. दंशानंतर दरदरून घाम सुटतो, ओकारी येते, हातपाय थंड पडतात. आणि एकटा मनुष्य मनाशीं म्हणतो, ऊन लागलें असेल, जरा पडतों.

ऊन लागलें असेल, हेंही कांहीं थोडें नव्हे. २८ मार्च २०१७ रोजीं कुंडलिकेच्या खोऱ्यांतील भिरा येथें तापमान ४६.५ अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याची नोंद झाली आणि त्या लहानशा गांवाचें नांव देशभर गाजलें. एवढा पारा रोज चढत नाहीं. पण कोंकणांतली हवा दमट असल्यामुळें अंगावरचा घाम लवकर सुकत नाहीं, आणि घाम सुकला नाहीं तर देह निवत नाहीं. पस्तीस अंशांतही चढण चढणारा मनुष्य आंतून तापत जातो. यांतली खरी मेख अशी कीं, तापलेल्या देहांत प्रथम विचारशक्ति ढळते. पावलें वेडींवांकडीं पडूं लागतात, बोलणें असंबद्ध होतें. सोबत्याच्या तें ध्यानांत येतें. तो हात धरून सांवलींत बसवितो, अंगावर पाणी ओततो. ज्याचें त्याला मात्र आपण ठणठणीत आहों असेंच वाटत असतें. एकट्याच्या बाबतींत वैद्य तोच आणि रोगी तोच. आणि आधीं बिघडतें तें वैद्याचें डोकें.

पावसाळ्याविषयीं फार बोलण्याची गरज नाहीं. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पिणाऱ्या या डोंगरांत ओढा किती थोड्या वेळांत चढतो, हें येथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतें. भिऱ्याजवळच्या देवकुंडाकडे पावसाळ्यांत जाण्यास जिल्हा प्रशासन मनाई करतें, ती उगाच नव्हे. पण कुंडलिकेची एक खोड बाहेरच्यांना माहीत नसते. भिऱ्यास टाटांचें वीजगृह १९२७ पासून आहे. मुळशीच्या धरणाचें पाणी घाटाखालीं तेथें येतें, वीज करतें आणि मग कुंडलिकेच्या वाटेस लागतें. कोलाडच्या बाजूस होड्यांतून लाटांचा खेळ खेळतात तो याच सोडलेल्या पाण्यावर. त्यामुळें आभाळ निरभ्र असतां, ऐन हिंवाळ्यांतही, नदी चढते. सकाळीं गुडघाभर पाण्यांतून पलीकडे गेलेला मनुष्य दुपारीं परत येतो तों समोर वेगळीच नदी वाहत असते. पाणी केव्हां सोडतात हें कांठच्या माणसाला विचारल्यावांचून पात्रांत उतरूं नये.

किल्ल्यांवर आणखी एक गोष्ट. सांकशीच्या वरच्या अंगाला कातळांत खोदलेल्या पायऱ्या आहेत. कांहीं झिजल्या, कांहीं तुटल्या. तशा ठिकाणीं चढतांना हातांना आधार दिसतो. उतरतांना पाय कोठें ठेवावा तें दिसत नाहीं आणि खालून ‘डावा पाय, अजून थोडा खालीं’ असें सांगणारा कोणी नसतो. जें एकट्यानें उतरून येण्याची खात्री नाहीं, तें एकट्यानें चढूं नये. शेवाळलेल्या टांक्यांच्या कांठाशीं पाणी भरण्यासाठीं वांकतांनाही हाच विचार करावा. टांक्याच्या भिंती ताशीव असतात. आंत पडलेल्याला धरावयास कांहीं नसतें.

इतकें ऐकल्यावर कोणी म्हणेल, फोन आहे ना खिशांत! आजच्या प्रवाशाचा हा ताईत आहे. कामाचा आहे, यांत शंका नाहीं. ११२ हा क्रमांक आपल्या कंपनीची रेंज नसतांही दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या मनोऱ्यावरून लागूं शकतो. पण दरींत मनोरा मिळत नाहीं म्हणून फोन सतत त्याला शोधत राहतो, आणि नुसत्या त्या शोधांतच त्याची बॅटरी उतरते. शिवाय मावळतीनंतर त्याचीच दिवटी करावी लागते. म्हणून वाटेंत तो विमानांतल्यासारखा बंद ठेवावा. अडचण आलीच तर उघड्या धारेवर येऊन लावावा, आणि बोलणें लागत नसेल तर लेखी निरोप पाठवून पाहावा. क्षीण रेंजमध्यें बोलणें तुटतें, तरी चार शब्दांचा निरोप पुष्कळदां निघून जातो. फोनमधल्या नकाशावर दुसऱ्या कोणी आंखून ठेवलेली वाट असते, तीही तो कोणत्या महिन्यांत गेला हें पाहूनच धरावी. माघांतली मोकळी वाट भाद्रपदांत कारवीखालीं गडप झालेली असते.

डोंगराच्या पायथ्याच्या माणसांची रीत पाहावी. मोळीसाठीं रानांत जाणाऱ्या बाया टोळीनें जातात आणि झाडीआड गेलेली प्रत्येकजण अधूनमधून कूऽ करीत असते. आपल्याला तें नुसतें गाणें-बोलणें वाटतें. ती त्यांची हजेरी असते. ज्यांचा जन्म त्या रानांत गेला त्या अशा जातात, आणि आठवड्यांतून एकदां रान पाहणारा शहरांतला मनुष्य एकान्तासाठीं एकटा जातो. एकान्ताचें सुख मोठें आहे, तें मी नाकारीत नाहीं. तें ज्याला घ्यावयाचें त्यानें निदान आपली हजेरी कोणापाशीं तरी लावून जावें.

याची सर्वांत ठळक साक्ष अमेरिकेंतली आहे. एप्रिल २००३ मध्यें अॅरन राल्स्टन हा अनुभवी गिर्यारोहक युटा संस्थानांतील एका अरुंद घळींत एकटाच उतरला. निसटलेल्या एका शिळेखालीं त्याचा उजवा हात चिरडून अडकला. आपण कोठें जातों हें त्यानें कोणासही सांगितलेलें नव्हतें. त्यामुळें कोणी शोधावयास येईल ही आशाच नव्हती. पांच दिवसांनंतर त्यानें स्वतःचा हात स्वतः कापून सुटका करून घेतली. कौशल्य होतें, धैर्य तर अलौकिक होतें. नव्हती ती एक चिठ्ठी.

ही चिठ्ठी कशी लिहावी? ‘अवचितगडावर जातों’ एवढें लिहून भागत नाहीं. तीन गांवांकडून तीन वाटा. शोधणारे पडमकडून चढतील आणि आपण मेढ्याच्या बाजूच्या झाडींत पडलेले असूं. कोणत्या गांवाकडून चढणार, कोणत्या गांवाकडे उतरणार, कोणत्या रंगाचे कपडे अंगांत आहेत, हें लिहावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे एक वेळ लिहावी: रात्रीं आठपर्यंत माझा फोन आला नाहीं, तर पोलिसांना कळवावें. ही वेळ लिहिली नसली म्हणजे घरचीं माणसें ‘येईल आतां, गाडी चुकली असेल’ अशी स्वतःची समजूत घालतात आणि रात्र निघून जाते. दुसरी खबर पायथ्याच्या गांवांत एखाद्या घरीं द्यावी. उतरल्यावर त्यांना ‘आलों हो’ म्हणून सांगावयास विसरूं नये. नाहींतर ते बिचारे रात्रीं कंदील घेऊन आपणांस शोधीत हिंडतील, आणि आपण घरीं जेवून निजलेले असूं. खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्थांचे तरुण आपला कामधंदा सोडून अशा शोधास जातात. त्यांना ठरलेल्या वाटेवरून शोधावयास लावणें आणि सारा डोंगर पिंजावयास लावणें, यांत एका रात्रीचा आणि कधीं कधीं एका जिवाचा फरक असतो. म्हणून चिठ्ठींत लिहिलेली वाट आयत्या वेळीं बदलूं नये, मोह झाला तरी.

माथ्यावरून परत फिरण्याची वेळ घरूनच ठरवून निघावें. मार्गशीर्षांत इकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो. झाडींत तर त्याही आधीं कांहीं दिसेनासें होतें. तरीही वाट चुकलीच, तर जेथें खात्रीची जागा शेवटची सुटली तेथवर माघारीं जावें. तेंही साधेना, तर बसावें. हें बसणें फार कठीण असतें. पाय ऐकत नाहींत. पण शोधणारे येतात ते आपल्या चिठ्ठींतल्या वाटेवर, आणि अंधारांत टाकलेलें प्रत्येक पाऊल आपणांस त्या वाटेपासून दूर नेतें. उघड्यावर, वरून आणि बाजूनें दिसेल अशा जागीं बसावें, अंगावर असेल तें पांघरावें, पाणी घोटघोट घ्यावें.

आणि गळ्यांत एक शिट्टी असूं द्यावी. ओरडून घसा अर्ध्या तासांत बसतो; शिट्टी रात्रभर वाजवितां येते आणि तिचा आवाज अधिक दूर जातो. आल्प्सच्या डोंगरांत १८९४ सालीं ठरलेला एक संकेत आजही गिर्यारोहक पाळतात. एका मिनिटांत सारख्या अंतरानें सहा शिट्ट्या. मग एक मिनिट शांत राहून कान द्यावयाचा. मग पुन्हा सहा. रात्रीं बॅटरीच्या उजेडानेंही हाच संकेत देतां येतो. ज्याला तो ऐकूं येईल तो मिनिटांत तीन शिट्ट्यांनीं उत्तर देतो. उत्तर आलें म्हणून आपल्या शिट्ट्या थांबवावयाच्या नाहींत. दरींत आवाज घुमतो, कोणत्या बाजूनें आला तें कळत नाहीं. शोधणारा थांबत, ऐकत, दिशा बदलत येत असतो, आणि तो हाताच्या अंतरावर येईपर्यंत त्याला वाट दाखविण्यास तेवढा एक आवाजच असतो.